कॅरी बक आणि शिरूरच्या मुली

मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांविषयी आपल्या धर्मग्रामांत आता पुष्कळ आस्था दिसते. मिस्साला त्यांच्यासाठी पुढचा बाक राखला जातो, त्यांना प्रथम कम्युनियन दिले जाते, नाताळच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त टाळ्या त्यांनाच मिळतात. परंतु हीच मुले पंचविशीची झाली, त्यांना कुणी आवडू लागले, की आपण सारे एकाएकी गप्प होतो. 'देवाघरची लेकरे ती, त्यांना कसले आले लग्न?' असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि मुलगी असेल तर खोलीच्या दाराला बाहेरून कडी लागते. लेकरू किंवा धोका, या दोन्हींपलीकडे तिसरे काही आपल्याला सुचत नाही. ही दृष्टी आली कोठून, हे शोधू लागलो की आपण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जाऊन पोहोचतो.

तेथे 1906 साली कॅरी बक नावाची मुलगी जन्मली. आई निर्धन, कॅरी दुसऱ्या कुटुंबाच्या आश्रयाने वाढली. सहावी इयत्ता होताच तिला शाळेतून काढून घरकामाला जुंपले गेले. सतरा वर्षांची असताना ती गरोदर राहिली. त्या घरच्या पुतण्याने आपल्यावर बळजबरी केली, असे तिने पुढे सांगितले. कुटुंबाची अब्रू जाऊ नये म्हणून कॅरीलाच 'मंदबुद्धी आणि वाईट चालीची' ठरवण्यात आले. 28 मार्च 1924 रोजी तिला मुलगी झाली, आणि त्याच वर्षी तिची रवानगी लिंचबर्गजवळच्या सरकारी वसाहतीत झाली. तिची आई चार वर्षांपूर्वीच तेथे पोहोचली होती.

मंदबुद्धी ठरलेल्यांची नसबंदी त्यांच्या संमतीवाचून करण्याचा कायदा व्हर्जिनियाने त्याच वर्षी केला होता. तो न्यायालयात टिकतो की नाही, हे पाहण्यासाठी वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी कॅरीला निवडले. तिला वकील मिळाला, पण तो त्याच वसाहतीच्या मंडळाचा माजी सदस्य होता! तान्ह्या व्हिव्हियनविषयी तर एका समाजसेविकेने साक्ष दिली, की मुलगी काही नीटशी दिसत नाही. मूल जेमतेम आठ महिन्यांचे होते. तेवढ्या आधारावर तीन पिढ्या सदोष ठरल्या.

2 मे 1927 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी शस्त्रक्रियेला मान्यता दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे त्या काळचे मोठे उदारमतवादी म्हणून गाजलेले. विरोधात गेले ते एकटे न्यायमूर्ती पिअर्स बटलर. ते कॅथलिक होते. त्यांनी आपल्या मताची कारणे लिहून ठेवली नाहीत, हे मात्र आम्हाला आजही चुटपुट लावून जाते. ऑक्टोबरमध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिची धाकटी बहीण डोरिस हिलाही टेबलावर घेतले, ते अपेंडिक्सचे कारण सांगून. पुढे डोरिसचे लग्न झाले, मूल व्हावे म्हणून दोघे वर्षानुवर्षे आस लावून बसली. खरे काय ते तिला म्हातारपणी कळले.

व्हिव्हियन शाळेत गेली आणि एकदा गुणवंतांच्या यादीतही झळकली. आठव्या वर्षी, 1932 साली, ती आजाराने दगावली. कॅरीने संसार केला. उतारवयात ती रोज वर्तमानपत्र वाची, शब्दकोडी सोडवण्यात तिला गोडी होती. 1983 साली ती गेली.

कॅरी मतिमंद नव्हतीच, असे म्हणून बहुतेक लेखक येथे थांबतात. आम्हाला तेथे थांबवत नाही. ती खरोखरच मतिमंद असती, तर ते कृत्य न्याय्य ठरले असते काय? अत्याचार कुणी केला आणि सुरी कुणावर चालली, हा प्रश्न तिच्या बुद्धीच्या मोजमापाने बदलत नाही. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची नसबंदी झाली. जर्मनीत नाझींनी 1933 साली असाच कायदा केला, त्याचे बळी सुमारे चार लाख.

पोप अकरावे पायस यांनी 31 डिसेंबर 1930 च्या आपल्या विवाहविषयक परिपत्रकात याविरुद्ध स्पष्ट शब्दांत लिहिले: ज्याने गुन्हा केलेला नाही त्याच्या शरीरावर शासनाला असा अधिकार नाही. त्या काळी विद्वानांचा वारा उलट दिशेने वाहत होता, म्हणून या भूमिकेचे मोल अधिक. परंतु त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे, की सदोष संतती होण्याचा संभव असलेल्यांना विवाहापासून पुष्कळदा परावृत्त करावे. विवाह केला म्हणून दोषी मात्र ठरवू नये. या माणसांनाही सोबतीची ओढ असते, याविषयी तेथे फारसे काही सापडत नाही, आणि आपल्या घरांतूनही ते सापडत नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण फेब्रुवारी 1994 मध्ये ते पुणे जिल्ह्यात घडले. शिरूर येथील सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीच्या वेळी या मुलींना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वादात पालकांतूनही शस्त्रक्रियेच्या बाजूने आवाज उठले, आणि त्यांना निर्दय म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. साठीची आई तिशीच्या मुलीचे कपडे बदलते, आपल्यामागे हिचे कोण या विचाराने तिला झोप लागत नाही. पण गर्भाशय काढल्याने वाईट नजरेचा माणूस दूर राहत नाही. त्याने केलेल्या पापाचा पुरावा तेवढा राहत नाही.

पंधरा वर्षांनी, 2009 साली, चंडीगडच्या एका सरकारी आश्रयगृहातील बौद्धिक दिव्यांग तरुणीवर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली. तिचा गर्भपात करावा असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. तिला मात्र मूल हवे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1971 च्या कायद्यानुसार तिच्यासारख्या प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती लागते, पालकाची किंवा शासनाची इच्छा त्या जागी चालत नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले आणि तो आदेश रद्द केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे दहावे कलम आणखी पुढे जाते: वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार दिव्यांग व्यक्तीवर तिने समजून-उमजून, मोकळेपणी दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही.

समजून-उमजून म्हणजे आधी कुणीतरी समजावून सांगायला हवे. शरीर म्हणजे काय, पाळी का येते, कुणाचा स्पर्श नाकारायचा, मैत्री कशी असते आणि लग्नात काय निभवावे लागते, हे सोप्या शब्दांत, चित्रे दाखवून, दहादा सांगितले तर यांतील अनेकांना कळते. विवाहपूर्व शिबिरे आपल्या धर्मग्रामांत नेमाने भरतात. त्यांच्या दारात असा एखादा मुलगा आपल्या आईचा हात धरून उभा राहिला, तर नोंदवही घेऊन बसलेला कार्यकर्ता त्याचे नाव लिहून घेईल, की आईलाच बाजूला बोलावून कुजबुजेल?