‘मित्राची गोष्ट’ : रंगमंचापासून पडद्यापर्यंतचा प्रवास (१९८१–२०१५)

प्रस्तावना :

मराठी नाट्यसृष्टीच्या इतिहासात विजय तेंडुलकर यांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) आणि ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकांवरील वादांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. त्या तुलनेत १९८१ मध्ये रंगमंचावर आलेले ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक अभ्यासकांच्या दृष्टीने काहीसे उपेक्षित राहिले. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय केंद्रस्थानी ठेवणारे हे आधुनिक मराठीतील आरंभीचे महत्त्वाचे नाटक होय. त्यातील पात्रे महाविद्यालयीन वयाची आहेत, ही बाब अध्यापकांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. हा विषय रंगमंचावरून पडद्यावर येण्यास तीन दशकांहून अधिक काळ का लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) नाटकाची निर्मिती व आशय :

विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली. मित्रा ही मोकळ्या स्वभावाची विद्यार्थिनी. विवाह ठरण्याच्या प्रसंगी पुरुषाविषयी आपल्याला ओढ वाटत नाही, याची जाणीव तिला होते. पुढे महाविद्यालयातील नाटकात ती पुरुषपात्र रंगवते आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या नमा या सहाध्यायिनीच्या प्रेमात पडते. तिचा सहाध्यायी बापू हा या सर्व घटनांचा साक्षीदार व निवेदक आहे. मित्राची ससेहोलपट तिच्या आत्मघातात संपते.

या ठिकाणी दोन बाबी नमूद करणे आवश्यक आहे. पहिली बाब शीर्षकाची. ‘मित्रा’ या स्त्रीनामाचे आणि ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूप मराठीत एकच होते. त्यामुळे ही गोष्ट मित्रा नावाच्या मुलीची की एका मित्राची, हे शीर्षकावरून ठरविता येत नाही. ‘मैत्रिणीची गोष्ट’ या शब्दयोजनेत ही संदिग्धता राहिली नसती. दुसरी बाब परंपरेची. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर मराठी प्रेक्षकाने जिवापाड प्रेम केले. वेषांतर त्याला नवीन नव्हते. तेंडुलकरांनी वेष उतरविल्यानंतरही उरणाऱ्या भावनेविषयी प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर परंपरेकडे तयार नव्हते.

२) रंगमंच व दूरचित्रवाणी :

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. विनय आपटे हे त्याच केंद्रावर निर्माते म्हणून कार्यरत होते. दूरचित्रवाणीचे तंत्र अवगत असलेल्या दिग्दर्शकाने हा विषय रंगमंचावर आणला, हे सूचक आहे. नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून, निवड करून येतो. दूरचित्रवाणी मात्र थेट घरात प्रवेश करते. नागपूरच्या इतवारी–महाल भागांतील जुन्या वाड्यांचा विचार केल्यास हा भेद स्पष्ट होतो. आजी, सुना आणि नातवंडे एकाच खोलीत बसून जे पाहतात, त्याची मर्यादा त्या खोलीतील संकोचच ठरवितो. केवळ प्रौढांसाठी प्रमाणित चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यास असलेल्या निर्बंधाने या संकोचाला नियमाचे पाठबळ दिले.

विदर्भाचे तेंडुलकरांशी नाते जुने आहे. त्यांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ या नाटकाचा प्रयोग पाहून महेश एलकुंचवार नाट्यलेखनाकडे वळले, हे सर्वश्रुत आहे.

३) पडद्यावरील वाटचाल :

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर आधारित ‘उंबरठा’ (१९८२) या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यातील महिला सुधारगृहात दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग येतो. संस्थेच्या दृष्टीने तो शिस्तभंग, तर सहानुभूती बाळगणाऱ्या नायिकेच्या दृष्टीने उपचाराचा विषय ठरतो. प्रेम म्हणून त्याकडे पाहणारी दृष्टी तेथे नाही.

पुढे डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या हिंदी चित्रपटाविरुद्ध मुंबईतील चित्रपटगृहांत तोडफोड झाली. अमोल पालेकर यांनी ‘थांग’ (२००६) मध्ये पतीच्या पुरुषाशी असलेल्या संबंधाचा पत्नीला होणारा बोध संयमाने हाताळला. मात्र तेथील पात्रे विवाहित, प्रौढ आहेत. विद्यार्थिदशेतील मुलीची कथा अद्याप पडद्याबाहेरच होती.

रवी जाधव यांच्या ‘मित्रा’ या लघुपटाने ही उणीव भरून काढली. तेंडुलकरांच्या कथेवर आधारित या कृष्णधवल लघुपटात १९४७ च्या स्वातंत्र्यप्राप्तीची पार्श्वभूमी असून वीणा जामकर व मृण्मयी देशपांडे यांच्या प्रमुख भूमिका आहेत. देश स्वतंत्र होत असताना एका मुलीचे स्वातंत्र्य कोठे उभे आहे, हा प्रश्न या पार्श्वभूमीमुळे आपोआप उपस्थित होतो. २०१४ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सर्वोत्कृष्ट कथाधारित लघुपटाचा पुरस्कार लाभला. २०१५ मध्ये तो ‘बायोस्कोप’ या चार लघुपटांच्या संचातून चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. याच संचातील ‘बैल’ हा लघुपट वैदर्भीय कवी लोकनाथ यशवंत यांच्या कवितेवर आधारित आहे.

४) कायद्याची पार्श्वभूमी :

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ची व्याप्ती मर्यादित केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध अंतिमतः गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. म्हणजेच ‘मित्रा’चा राष्ट्रीय सन्मान व प्रदर्शन हे नेमके या दोन निर्णयांच्या दरम्यान घडले. ज्या शासनव्यवस्थेत समलिंगी संबंधांवर दंडविधानाची छाया होती, तिनेच त्या प्रेमाच्या कथेला गौरविले. कला कायद्याच्या पुढे चालते, या विधानाचा हा ठळक पुरावा होय. नागपुरातही २०१६ मध्ये पहिली अभिमानयात्रा निघाली.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मराठीत या विषयावरील लेखनाचे धाडस कधीच कमी नव्हते. कमतरता होती ती माध्यमाच्या आणि प्रेक्षकाच्या सिद्धतेची. नाटकातील मित्राला कायद्याने मारले नाही. नमाचा प्रियकर, तिच्या पत्राचा धाक, महाविद्यालयातील कुजबुज आणि शेवटी बापूनेही फिरवलेली पाठ यांनी तिला एकटे पाडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी विनियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचाही त्यात समावेश केला. तथापि विनियम तक्रारीनंतर कार्यान्वित होतो, आणि मित्रासारखी विद्यार्थिनी तक्रार करीत नाही. म्हणून हे नाटक मराठी विभागापुरते न ठेवता मानसशास्त्र, समाजशास्त्र व विधी या शाखांच्या अध्यापकांनीही अभ्यासावे. आपल्या वर्गातील बापूने पाठ फिरवू नये, एवढे जरी त्यातून साधले, तरी त्या वाचनाचे सार्थक होईल.