जुन्या नोंदींतले ग्लायडर ओळखताना

विमान नोंदणीची जुनी यादी उघडली की नजर आधी प्रकाराच्या रकान्यावर जाते. तिथे ‘आरजी-१’ दिसले की रोहिणी हे भारतीय ग्लायडर सापडले, असे वाटते. पण ओळख पटवायला हा रकाना सगळ्यांत कच्चा. कारकुनाने समोरच्या कागदावरचे नाव जसेच्या तसे उतरवलेले असते. एकाच ग्लायडरला दोन नावे असली तर गोंधळ वाढतोच. ब्रिटनच्या स्लिंग्जबी कारखान्याचे टी-२१ तिथल्या हवाई दलात सेडबर्ग म्हणून ओळखले जाई.

नोंदणी चिन्हावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. ‘व्हीटी’ म्हणजे भारत, हे पक्के. मात्र रद्द झालेले चिन्ह पुढे दुसऱ्या विमानाला मिळू शकते. मालक बदलतो, तळ बदलतो. बदलत नाही तो बांधणी क्रमांक, म्हणजे कारखान्याने त्या सांगाड्याला दिलेला आकडा. बांधणाऱ्याचे नाव आणि हा आकडा जुळला, तरच दोन नोंदी एकाच ग्लायडरच्या मानाव्यात.

आपल्याकडच्या ग्लायडरांत आणखी एक चकवा आहे. दिल्लीच्या सफदरजंग येथील नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम् यांनी आखलेल्या ग्लायडरांना नक्षत्रांची नावे मिळाली. पंचांगातला क्रम अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी असा. पण अश्विनी उडाले १९५८ मध्ये, रोहिणी १९६१ मध्ये आणि कृत्तिकेवरून नाव पडलेले कार्तिक १९६३ मध्ये. तारीख नसलेली नोंद नक्षत्रांच्या क्रमाने लावणारा इथे हमखास फसतो.

छायाचित्र हाती असेल तर आधी बैठक पाहावी. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसतात, कार्तिकमध्ये वैमानिक एकटाच. या एका खुणेने हे दोन प्रकार लगेच वेगळे होतात. टी-२१ मध्येही दोघे शेजारीच बसतात, त्यामुळे तिथे ही खूण अपुरी पडते आणि पुन्हा बांधणाऱ्याच्या रकान्याकडे यावे लागते. महाराष्ट्रात या अभ्यासाचे स्वाभाविक ठिकाण म्हणजे पुण्याजवळचे हडपसरचे ग्लायडिंग केंद्र. तरीही यादीची प्रत आणि स्पष्ट छायाचित्र हाती असेल, तर भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावी बसूनही बराच पल्ला गाठता येतो.

सर्वांत बारीक काम टंकलेखनाच्या चुकांचे. कार्तिकचे पहिले रूप केएस-१, पुढचे केएस-२. हे आकडे रोमन पद्धतीने, उभ्या रेघांनी लिहीत. अनेक टंकयंत्रांवर ‘एक’ आणि रोमन उभी रेघ जवळजवळ सारखीच उमटे. म्हणून यादीत ‘केएस-११’ दिसले तर नवा प्रकार सापडला असे समजू नये. ते केएस-२ असण्याचीच शक्यता दाट. उलट एकच रेघ दिसली, तर ती केएस-१ ची की दुसरी रेघ गळालेल्या केएस-२ ची, हे नोंदणीच्या वर्षावरून आणि बांधणी क्रमांकावरून पडताळावे. तेही नसतील तर आपल्या टिपणात ‘कार्तिक’ एवढेच लिहावे आणि पुढची जागा मोकळी सोडावी.