मोटारीच्या नंबराची पाटी

हार्बरच्या गाडीने कुर्ला सोडले की टिळकनगर, चेंबूर, गोवंडी, आणि चौथे स्टेशन मानखुर्द. ही दोन टोके मी मुद्दाम सांगतो आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. १९४४ साली कंपनी निघाली, १९४७ पासून तिथे मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या, आणि १९५४ साली फियाट ११०० आली. इकडे मानखुर्दला, मंडाळ्यात, भंगाराची गोदामे. सगळ्याच मोटारी तिथे मोडतात असे नव्हे; पण पत्रा एकदा गाडीपासून सुटला की कुठल्या ना कुठल्या भंगारवाल्याच्या तागडीत जायचाच.

आता समजा, तुम्ही मानखुर्दला राहता आणि नात्यातल्या एखाद्या वृद्ध गृहस्थांच्या गॅरेजातून १९५८ सालची फियाट तुमच्या पदरात पडली. चाके बसलेली, आसनाचे कापड उंदरांनी खाल्लेले, पुढची-मागची पाटी बेपत्ता. इंजिन उघडाल, पत्रा ठोकून घ्याल, रंग द्याल. मग पाटीचे काय? ती जुन्या धर्तीचीच हवी. काळी पाटी नि पांढरी अक्षरे. खाजगी गाडीला तेव्हा तशीच असे, आणि काळ्यावर पांढरे जाऊन पांढऱ्यावर काळे आले ते या शतकाच्या सुरुवातीला. नव्या पाटीने त्या फियाटचा चेहराच बिघडतो, हे मलाही मान्य. अशा वेळी कुणीतरी हटकून सांगतो, 'अहो, भंगारात जुन्या पाट्या सापडतात, एक उचला नि ठोका!' इथे जरा थांबा.

पाटी ही मोटारीची वेणीफणी नव्हे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली ती प्रथम लावायला लावली. इंग्लंडात १९०३ चा कायदा झाला आणि १९०४ च्या पहिल्या दिवसापासून गाड्यांवर नंबर आले. कारण साधे होते. धूळ उडवून, कुणाला धक्का देऊन पळणाऱ्याचा मालक सापडावा कसा? आपल्याकडे साऱ्या देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली. पाटी जन्मली ती जबाबदारी ठरवण्यासाठी. हौस मागाहून आली, पण तीही फार मागाहून नाही. लंडनचा 'ए १' हा पहिला नंबर अर्ल रसेल यांनी मिळवला. त्यासाठी ते रात्रभर ताटकळले, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे ४१४१ चा 'दादा' आणि २१४ चा 'राम' करणारे हौशी लोक तुम्ही पाहिलेच असतील. कायद्याला मान्य आहेत ते इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी वळणाचे आकडे. पण हौसेला कायद्याचे काय!

तुमच्या फियाटकडे वळू. १९५८ साली मुंबई हे द्वैभाषिक राज्य होते. शहरातल्या गाडीवर 'बी. एम.' ने सुरू होणारी तीन अक्षरे असत. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पुढे 'एम. आर.', 'एम. एम.' अशा मालिका दिसू लागल्या. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तिथल्या गाड्यांवर 'जी. डी.' आले. मग १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजची 'एम. एच.' ची पद्धत सुरू झाली: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३. मानखुर्दची गाडी वडाळ्याची. तेव्हा तीन अक्षरांवरून जाणत्याला गाडीचे गाव कळते, वयही बरेचसे कळते. १९५८ च्या गाडीवर 'एम. आर.' ठोकलेत, तर तुमची गाडी खोटे बोलू लागली म्हणून समजा. बघणारा हसेल, एवढ्यावर भागत नाही. भंगारातला नंबर कुणाचा तरी असतो. गाडी निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणीपुस्तक परत करावे, असे कायदा सांगतो. पण सारेच कळवतात थोडेच? ती मेलेली गाडी कार्यालयाच्या दप्तरात अजून जिवंत असेल. तिच्या नावाने तुम्ही हिंडू लागलात, तर उद्या अपघात झाल्यावर पोलीस कुणाच्या दारात उभे राहतील? तिच्या जुन्या मालकाच्या, नाहीतर त्याच्या म्हाताऱ्या विधवेच्या.

म्हणून आधी स्वतःचा नंबर शोधा. नोंदणीपुस्तक हरवले असेल तर चासीवर ठोकलेला आकडा घासून वाचा. विम्याचे कागद, कराच्या पावत्या पाहा. आणि घरातले आल्बम उघडा! लग्नाच्या फोटोत नवरानवरीपेक्षा मोटारच स्पष्ट आलेली असते. गावच्या जत्रेच्या, महाबळेश्वरच्या फोटोंतही ती असते. भिंगातून पाहिल्यावर जो नंबर दिसेल, तो घेऊन परिवहन कार्यालयात जा. गाडी मधल्या काळात दुसऱ्या राज्यात गेली असेल तर तिला दोन नंबर मिळालेले असतील. अशा वेळी गाडीवर शेवटचा कायदेशीर नंबर असावा, पहिला फोटोतच शोभतो, असे माझे मत आहे. पुष्कळ हौशी मंडळींना हे पटत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी ही 'व्हिंटेज'. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद करायची तर 'व्ही. ए.' ही अक्षरे मिळतात आणि वीस हजार रुपये शुल्क पडते. रोजच्या कामाला मात्र ती गाडी वापरायची नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात अशोकचक्राचा होलोग्राम असलेली अतिसुरक्षित पाटी सक्तीची झाली. तेव्हा रस्त्यावर कोणती पाटी चालेल, हे कार्यालयातच विचारून घ्या. काळी पाटी प्रदर्शनात गाडी उभी असताना लावा. तिथे ती शोभते, आणि नंबर तुमचाच असल्याने कुणाची फसवणूकही होत नाही.

आता मंडाळ्यात खुशाल जा. पण नंबराची पाटी मागू नका, कोरा पत्रा मागा. तो वजनावर मिळेल. गंज काढून रेड ऑक्साइडचा हात द्या, त्यावर काळ्या एनॅमलचे दोन. मग हाताने नंबर रंगवणारा पेंटर गाठा. अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, हे १९८९ च्या नियमांतले माप त्याला सांगा. पण फोटोही दाखवा, कारण माप नियमाचे असले तरी वळण पेंटरच्या हाताचे असते. तो खडूच्या दोऱ्याने दोन रेषा मारील, चपट्या ब्रशाने एका दमात आकडा ओढील, आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवील. तुम्ही ती लगेच उचलू पाहाल. उचलू नका. हार्बरच्या गर्दीत ओली पाटी घेऊन चढलात, तर तुमच्या फियाटचा नंबर शेजारच्याच्या सदऱ्यावर उमटेल. दोन दिवसांनी या, असे पेंटर सांगेल. त्याचे ऐका.