तळपायाची जखम : वऱ्हाड-वर्ध्याच्या कुष्ठसेवेतील एक दुर्लक्षित प्रकरण

आमच्या धामणगाव रेल्वेच्या नगरपरिषदेचे कागदोपत्री नाव 'दत्तापूर धामणगाव' असे आहे. रेल्वेगाडीने पूर्वेकडे निघाले, पुलगाव मागे टाकले आणि वर्ध्याला उतरले, की तिथेही जवळच एक दत्तापूर आहे. आमचे दत्तापूर कापसाच्या बाजारपेठेमुळे माहीत झाले, ते दत्तापूर कुष्ठधामामुळे. १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी तिथे महारोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. पश्चिमेकडे बडनेऱ्याला उतरून अमरावतीस गेले तर तिथे तपोवन आहे. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे सगळ्या वऱ्हाडाचे दाजीसाहेब, यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळाच्या रूपाने ते उभे केले. वर्ध्याच्या खाली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन. मुंबईत १८९० साली माटुंग्याला ऑक्वर्थ यांच्या पुढाकाराने महारोग्यांसाठी रुग्णालय निघाले होते. पण एवढ्या थोड्या मुलखात, एवढ्या थोड्या वर्षांत, इथल्याच माणसांनी उभ्या केलेल्या इतक्या संस्था महाराष्ट्रात दुसरीकडे दिसत नाहीत.

या संस्थांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लिखाणात करुणा आहे, त्याग आहे, समाजाने टाकलेल्यांना जवळ घेणे आहे, आणि ते सारे खरेच आहे. मात्र ज्या गोष्टीत या सेवेचा बहुतेक दिवस जात असे ती गोष्ट, म्हणजे जखम, या लिखाणात केवळ करुणेची खूण म्हणून येते. ती कशाने होत होती, बरी का होत नव्हती, आणि हे कोडे कधी व कसे सुटले, याची हकिकत सहसा कोणी सांगत नाही. ती इथे मांडायची आहे.

सेवाग्रामचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. संस्कृतचे पंडित दत्तात्रेय परचुरेशास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबत होते. पुढे रोग बळावल्यावर १९३९ मध्ये ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांच्यासाठी झोपडी बांधवून घेतली आणि ते स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करीत. तो फोटो पाठ्यपुस्तकांत आहे, टपाल तिकिटावर आहे. शास्त्रीबुवा नंतर वर्ध्याजवळच्या दत्तापूरला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाच्या यादीत कुष्ठसेवेला जागा दिली, तिच्यामागे हा अनुभव होता. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्या काळात गांधीजींच्या हाती धुणे, पुसणे, झाकणे यापलीकडे काही नव्हते. रोगावर चालमोगऱ्याच्या तेलाची इंजेक्शने दिली जात. ती फार दुखत आणि त्यांचा गुण संशयास्पद होता.

जखमेविषयी तेव्हा समजूत एकच होती, आणि ती डॉक्टरांपासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांची होती. महारोगात मांस सडते, बोटे झडतात. 'झडतात' हा शब्द आपल्याकडे आजही वापरतात, जणू झाडाची पाने आहेत. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने जंतू दाखवला, त्यालाही तोवर सत्तर वर्षे होत आली होती. पण जंतू सापडल्याने ही समजूत उलट पक्की झाली. जंतू आहे, म्हणजे तोच मांस खात असणार.

खरा प्रकार वेगळा आहे. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. त्याला शरीराचा थंड भाग आवडतो. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत तो ठाण मांडतो. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, आणि पायाच्या आतल्या घोट्यामागे. कोपराचा तंतू गेला की बोटे वाकडी होतात. गुडघ्याजवळचा गेला की पाऊल लोंबते. आतल्या घोट्यामागचा गेला की तळपाय बधिर होतो. बधिरता हे कुष्ठाचे लक्षण सुश्रुताच्या ग्रंथातही नोंदलेले आहे, आणि त्याच ग्रंथात व्रणावर साठ प्रकारचे उपाय सांगितले आहेत. पण ही बधिरता आणि तो व्रण यांची कारण-कार्य म्हणून गाठ कोणी घातली नाही.

ती गाठ घातली गेली दक्षिणेत. पॉल ब्रँड हा शल्यविशारद, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला, १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. त्याने सांगितलेली एक आठवण बोलकी आहे. गंजलेल्या कुलपात किल्ली अडकली होती, त्याला ती फिरवता येईना. एका कुष्ठग्रस्त मुलाने ती सहज फिरवून दिली. ब्रँडने त्याचा हात पाहिला, तर किल्लीने बोट हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. रात्रीतून काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे नाहीसे होत. रोगाने ती झडली असे सगळे धरून चालले होते. पाळत ठेवली तेव्हा दिसले की उंदीर कुरतडून नेत होते. झोपलेला माणूस जागा होत नव्हता एवढेच. त्यानंतर रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची पद्धत तिथे पडली! शतकानुशतकांच्या 'झडण्या'वर मांजराचा उतारा निघावा, यावर हसावे की रडावे ते वाचकांनी ठरवावे.

मांस आपोआप सडत नाही. बधिर माणूस ते नकळत झिजवतो, भाजतो, कापतो. हे हाताचे झाले. तळपायाची कथा याहून अवघड होती, कारण तिथे किल्ली नव्हती, उंदीर नव्हता, काटाही पुष्कळदा नसायचा. नुसत्या चालण्याने जखम होत होती.

याचे गणित साधे आहे. शेतात राबणारा, बाजारहाट करणारा माणूस दिवसात आठ हजार पावले टाकतो असे धरले, तर एकेका तळव्यावर चार हजार वेळा सगळ्या अंगाचे ओझे येते. बोटांच्या मुळाशी जी हाडांची टोके असतात तिथे ते सर्वांत जास्त येते. तुमचा-आमचा पाय धड असतो म्हणून हे कळत नाही. थोडे दुखू लागले की आपण नकळत पाऊल तिरके टाकतो, टाचेवर जास्त रेलतो, चार पावले लंगडतो, कुठे ओट्यावर टेकतो. लंगडणे हाच पहिला उपचार असतो. शेतकऱ्याला हे बैलावरून माहीत आहे. खुरात खडा रुतला की बैल तो पाय उचलून धरतो, बाकीच्या तिघांवर उभा राहतो. हल्ली चार पायांवर चालणारी यंत्रे परदेशात आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकी संस्थांतही बनवतात. पाऊल जमिनीला कधी टेकले आणि किती जोराने, हे यंत्राला कळवणे हा त्या विद्येतला मोठा भाग आहे. ती खबर नसेल तर यंत्र धडपडते. माणसाचा बधिर पाय मात्र धडपडत नाही. तो डौलात, न लंगडता, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पडत राहतो. आधी तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली रक्त साकळते, मग तो फुटतो. तोवर माणूस धामणगावहून देवगावपर्यंत चालून आलेला असतो.

ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या रुग्णालयात गेला. तिथे त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पंजांवर यंत्राने हलका दाब दिवसाला हजारो वेळा दिला. एकदा दिला तर काहीच न होणारा तो दाब. काही दिवसांत पंजे सुजले आणि पुढे फुटले. जे वेल्लोरच्या वॉर्डात दिसले होते ते असे मोजून सिद्ध झाले.

उपचारही मग उघड होता. जखमेवर काय लावता यापेक्षा जखमेवर किती ओझे येते ते महत्त्वाचे. पायाच्या अंगाला नेमके बसेल असे प्लास्टर गुडघ्याखालपर्यंत घालायचे, म्हणजे ओझे सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटले जाते आणि पाऊलही आखूड पडते. ही कल्पना ब्रँडची पहिली नव्हे. १९३०च्या दशकात सिलोनमध्ये मिल्रॉय पॉल यांनी ती वापरली होती, आणि आपल्याकडे जोसेफ खान यांनी १९३९ मध्ये कुष्ठाच्या व्रणांसाठी तिच्याविषयी लिहिले होते. परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले तेच हे साल. वेल्लोरने तिला पाया दिला आणि तिची पद्धत बसवली. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमा प्लास्टरमध्ये काही आठवड्यांत भरून येऊ लागल्या. कुष्ठरोग्याचे मांस इतर कोणाच्याही मांसासारखेच भरून येते, हे त्यातून ठरले. मग जखम पुन्हा होऊ नये म्हणून बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल निघाली. या चपलेला आरोग्य खात्यात आजही एमसीआर चप्पल म्हणतात.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इथल्या कुष्ठधामांचा गाभा श्रम हा होता. दाजीसाहेब होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेले. भीक मागणाऱ्या माणसाच्या हाताला काम मिळाले तर तो माणूस म्हणून उभा राहील ही त्यांची श्रद्धा होती. तपोवनात शेती आली, विणकाम आले, सुतारकाम आले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८६ मध्ये ते गेले, तेव्हा माळावर एक नांदते गाव उभे होते. आनंदवनात बाबांनीही तोच मार्ग धरला. वर्ध्याच्या दत्तापूरमध्ये तर विनोबांच्या विचारामुळे श्रम हा साधनेचाच भाग होता.

आणि नेमका इथेच पेच आहे. बधिर तळव्याला सर्वांत घातक गोष्ट कोणती, तर श्रम. कुदळ, नांगर, पाण्याच्या घागरी, ढेकळांतून चालणे. भीक मागणारा एका जागी बसतो, त्याच्या तळपायाला उलट विश्रांती मिळते. ज्या कामाने माणसाची मान ताठ झाली त्याच कामाने त्याचा पाय फुटत होता. या चळवळीच्या थोरवीला यामुळे कमीपणा येतो असे मला वाटत नाही. पाय वाचवून मान खाली घालायला लावणे हा काही पर्याय नव्हता. पण चरित्रकारांनी हा पेच पाहिलाच नाही ही माझी तक्रार आहे. कुष्ठधामातले रोजचे मलमपट्टीचे काम त्यांनी सेवेच्या खात्यात जमा केले. त्याचा मोठा भाग खरे तर श्रमाच्या खात्यातला खर्च होता.

वर्ध्यात १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. आर. व्ही. वार्डेकरांनी तिथून सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत घडवली. रुग्ण वस्तीत आणायचा नाही, आपणच गावोगाव घरोघर जायचे, चट्टा दिसताच डॅप्सोनच्या गोळ्या सुरू करायच्या. १९५५च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच वाट उचलली. माझ्या मते तळपायाच्या जखमेवरचा आपल्या मुलखातला सर्वांत मोठा उपाय हाच. मज्जातंतू मरण्याआधी गोळी पोचली तर बधिरता नाही, बधिरता नाही तर जखम नाही. पुढे डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार आला. तो सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत वर्धा होता. २००५ अखेर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, या कसोटीवर देशाने उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. १८९८चा महारोगी कायदा रद्द व्हायला मात्र २०१६ उजाडले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले २०१९ मध्ये.

गोळीने जंतू मरतो, मेलेला मज्जातंतू परत येत नाही. त्यामुळे रोगमुक्त झालेल्या जुन्या माणसांची जखम तशीच मागे राहिली. शल्यक्रियेने वाकडी बोटे सरळ करण्याचे काम ब्रँडने केले, आपल्याकडे पुण्याच्या कोंढव्याला आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी केले. तळव्याला संवेदना कोणालाच देता आली नाही. तिच्या जागी डोळे वापरायचे, एवढेच उरते. रोज संध्याकाळी पाय वीस-एक मिनिटे साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टा वज्रीने हलक्या हाताने घासायचा, ओल असतानाच तेल चोळायचे. घाम सुटत नसल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते, म्हणून तेल. मग तळवा आरशात पाहायचा. एखादी जागा इतरांहून गरम लागली तर दुसऱ्या दिवशी चालायचे नाही. यात एका पैशाचे औषध नाही. चप्पल सरकार देते, पण तिचा ठरावीक आकार पाहून लोक ओळखतात म्हणून पुष्कळांनी ती घातली नाही. अनवाणी फिरले, आणि पाय फोडून घेतले.

या ज्ञानाला आता वेगळे गिऱ्हाईक मिळाले आहे. मधुमेहानेही तळपाय अगदी असाच बधिर होतो आणि अगदी त्याच जागी, बोटांच्या मुळाशी, फुटतो. धामणगावच्या बाजारात दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या, सणाला अनवाणी देवदर्शनाला जाणाऱ्या किती जणांचे अंगठे गेले ते आपण आजूबाजूला पाहतोच. त्यांच्यासाठी जगभर जो पहिल्या प्रतीचा उपचार सांगितला जातो, तो म्हणजे कुष्ठरुग्णांच्या पायावर बेतलेले तेच प्लास्टर. बधिरता तपासायला डॉक्टर तळव्याला नायलॉनचा जो दोरा टेकवतात, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा, तोही कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयातून सर्वत्र गेला. मोठ्या शहरांत 'डायबेटिक फूटवेअर' म्हणून काचेच्या कपाटात मांडलेली चप्पल उलटी करून पाहा. वर चामडे चांगले आहे, पट्ट्याला बक्कल आहे. तळाचे रबर बारीक छिद्रांचे आहे.