डासजन्य विषाणूंच्या रेणवीय चाचण्या

डेंगी, चिकुनगुन्या, झिका, वेस्ट नाइल अशा डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंना त्यांच्या जनुकीय द्रव्यावरून ओळखणाऱ्या प्रयोगशाळा-चाचण्या. एलायझा चाचणी बहुधा शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते; इथे खुद्द विषाणूचाच माग काढला जातो.

हे सारे आरएनए विषाणू आहेत. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेली पीसीआर मात्र डीएनएवर चालते. म्हणून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने आधी आरएनएवरून डीएनए घडवतात आणि मग त्याच्या असंख्य प्रती काढतात. ही आरटी-पीसीआर. डेंगीचे चार प्रकार एकाच चाचणीत वेगळे करणारी पद्धत लॅन्सिओटी व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक प्रकाराचा तुकडा निराळ्या लांबीचा निघतो : पहिल्याचा ४८२ बेसजोड्यांचा, दुसऱ्याचा ११९, तिसऱ्याचा २९० आणि चौथ्याचा ३९२. जेलवर त्या तुकड्याची पट्टी कुठे थांबली, यावरून प्रकार कळतो. हल्ली रिअल-टाइम यंत्र प्रती वाढत असतानाच त्यांची चमक मोजते. जेलची गरज उरत नाही.

चाचणी कितीही संवेदनशील असली, तरी सगळी भिस्त नमुना कधी घेतला यावर असते. डेंगीत विषाणू रक्तात साधारणपणे तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच सापडतो. पुढे तो ओसरतो आणि आयजीएम प्रतिपिंडे दिसू लागतात. त्यामुळे आठव्या दिवशी घेतलेल्या रक्ताचा निगेटिव्ह अहवाल डेंगी नसल्याचा पुरावा ठरत नाही. ‘ताप कधी सुरू झाला’ हा फॉर्मवरचा रकाना बरेचदा कोराच येतो, आणि मग अहवालाचा अर्थ लावणेच अवघड होते. आरएनए चटकन विघटित होत असल्याने नमुना थंड ठेवूनच पाठवावा लागतो.

झिकाचा विषाणू लघवीत रक्तापेक्षा जास्त दिवस टिकतो. म्हणून दोन्ही नमुने घेतात. जपानी मेंदूज्वरात मात्र मेंदूची लक्षणे दिसेपर्यंत विषाणू रक्तातून जवळपास नाहीसा झालेला असतो. तिथे आरटी-पीसीआर फारशी कामी येत नाही. मणक्यातील पाण्यातली आयजीएम चाचणीच भरवशाची.

डेंगी आणि झिका एकाच कुळातले असल्याने त्यांच्या प्रतिपिंडांची गल्लत होते. हा गुंता रेणवीय चाचणी सोडवते. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे जुलै २०२१ मध्ये आढळला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील तपासणीत. त्याच रुग्णाला चिकुनगुन्याचीही लागण झालेली होती.

चाचणीला रुग्णच हवा असे नाही. पकडलेले डास गटागटाने वाटून त्यांतही विषाणू शोधतात. दान केलेल्या रक्तातून वेस्ट नाइलची लागण झाल्याचे २००२ मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेने पुढच्याच वर्षी रक्तदात्यांच्या नमुन्यांची रेणवीय तपासणी सुरू केली. ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या एकाच तापमानावर चालणाऱ्या आरटी-लँप या पर्यायी पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही, पण एका नळीतला अंश दुसरीत गेला तर खोटा पॉझिटिव्ह निकाल येतो.