उष्णतेच्या फुगवट्याची कुळकथा

सॅलिसिलेट म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं रसायन. चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथींवर ते सोडलं की गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे उठतात. त्याच ग्रंथी नुसत्या तापवल्या तरी नेमक्या त्याच जागी उठतात. ताप उतरवणाऱ्या औषधाचा भाऊबंद आणि खुद्द ताप, दोघांचा पेशीवर परिणाम एकच! हे वाचलं आणि मी या कुळकथेच्या मागे लागलो.

सुरुवात सर्वश्रुत आहे. नेपल्सच्या प्रयोगशाळेत कुणा सहकाऱ्याने उबवणीयंत्राचं तापमान वाढवून ठेवलं आणि जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांना सूक्ष्मदर्शकाखाली अनोळखी फुगवटे दिसले. या ग्रंथींतली गुणसूत्रं अवाढव्य असतात आणि जनुक कामाला लागलं की तिथला पट्टा सैलावून फुगतो, म्हणून हे डोळ्यांनी दिसू शकलं. एका नामांकित नियतकालिकाने त्यांचा यावरचा लेख साभार परत केला. 1962 साली तो दुसरीकडे छापून आला. या जनुकांपासून बनणारी प्रथिनं 1974 मध्ये सापडली.

खरा वाद पुढेच आहे. पेशीला संकट कळतं कशावरून? हेच फुगवटे उठवणारं आणखी एक रसायन डायनायट्रोफिनॉल; ते आणि सॅलिसिलेट, दोन्ही पेशीच्या ऊर्जानिर्मितीत खोडा घालतात. त्यामुळे रितोसांचा रोख श्वसनाच्या बिघाडावर होता. पण 1986 मध्ये बेडकाच्या अंड्यात आकार बिघडवलेली प्रथिनं टोचली, तर उष्णतेशिवायच ही जनुकं जागी झाली. पारडं बिघडलेल्या प्रथिनांकडे झुकलं, आणि ते रास्तच. तरी माझं मत असं की रितोसांना निकालात काढू नये. प्रथिनांच्या घड्या सावरणाऱ्या एचएसपी70 या उष्णतेच्या प्रथिनाला ऊर्जा लागतेच. ती आटली की घड्या बिघडणारच. दोन्ही पक्ष एकाच साखळीच्या दोन कड्या धरून बसलेत.

माझ्या या मांडणीला खरी अडचण आहे ती फुगणाऱ्या जागांपैकीच 93डी या जागेची. बेन्झमाइड हे रसायन दिलं की ही एकटीच फुगते, बाकीच्या गप्प! कोलकाता आणि पुढे वाराणसीत संशोधक सुभाष लखोटिया तिच्यामागे चिकाटीने लागले. या जागेवरच्या जनुकापासून प्रथिन बनतच नाही, बनतो तो फक्त आरएनए. म्हणजे ‘एक बटण, सगळे दिवे’ हा हिशेब इथे चुकतो.

लाळग्रंथींतून ही कथा मज्जासंस्थेत गेली. 1999 साली दिसलं, की आधी एकदा तापवून घेतलेल्या अळीत मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश पुढच्या कडक उष्णतेत जास्त टिकतो. त्याच वर्षी मानवी एचएसपी70मुळे चिलटाच्या मज्जापेशींची झीज आटोक्यात आली. मग 2007 मध्ये भलताच सोयरा निघाला: ‘फोरेजिंग’ नावाचं जनुक. अन्नावर भटकणाऱ्या अळ्या आणि एका जागी बसून खाणाऱ्या अळ्या यांतला फरक याच जनुकामुळे पडतो. त्याचं एन्झाइम बैठ्या अळ्यांत कमी असतं, आणि उष्णतेत त्यांच्याच मज्जासंस्थेचं काम जास्त वेळ चालतं. भटक्या काटक आणि बैठ्या नाजूक, ही आपली समजूत इथे साफ उलटी पडते.

आणि 93डी? तिचा आरएनए वाढला तर मज्जापेशींची झीज वाढते, कमी केला तर घटते. घराणं रक्षकांचं, पण त्यातला हा एक वारस घरभेदी ठरू शकतो.