गोळी चुकते कोणाची?

साठी उलटली की माणूस गोळ्या विसरतो, हा समज पुण्यात चांगलाच मुरलेला आहे. बीपी मोजून झाल्यावर डॉक्टर पंचाहत्तरीच्या रुग्णाला सोडून शेजारी बसलेल्या मुलाला विचारतात, "बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?" मुलगा पंचेचाळिशीचा, हिंजवडीत नोकरीला. त्यालाही तीच गोळी सुरू आहे, पण ती तो घेतो का, हे कोणी विचारत नाही.

वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड आहे: वयाबरोबर स्मरणशक्ती घटते, गोळी घेणे हे आठवणीचे काम, म्हणून म्हातारे चुकणार. पहिले विधान खरे. दुसरे अर्धेच खरे, आणि गफलत तिथेच होते. वर्षानुवर्षांची गोळी चालते ती सवयीवर. निवृत्त माणूस सकाळी सारसबागेत फेरी मारून येतो, चहा-पोहे होतात, टेबलावर सात खणांची डबी असते. मंगळवारचा खण रिकामा झाला की काम झाले. मुलाचा नाश्ता कधी घरी, कधी कॅन्टीनमध्ये. रात्री अमेरिकेशी कॉल. गोळ्यांची पट्टी लॅपटॉपच्या बॅगेत, आणि ती संपली की "शनिवारी मेडिकलमधून घेऊ".

डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ३४ ते ८४ वयाचे, आमवाताचे १२१ रुग्ण होते. बाटलीच्या झाकणातली चिप ती कधी उघडली हे टिपून ठेवी. स्मरणाच्या चाचण्यांत वयस्कर मंडळी मागे पडली. गोळ्यांत सर्वांत कमी चुका मात्र त्यांच्याच. धोका जास्त होता तो मध्यमवयीन आणि कामात बुडालेल्यांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे औषध नीट घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच. उरलेले सगळे काही म्हातारे नव्हेत.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. एक, बेफिकीर रुग्ण म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे मागे उरतात ते शिस्तीचे. हे मला अंशतः मान्य आहे, पण त्यातून तरुणांची काळजी वाढते, कमी होत नाही. दुसरा, आजोबांची डबी भरते कोण? बहुधा आजी, नाहीतर सून. श्रेय त्यांना द्यावे. मुद्दा सवयीचा आणि घडीचाच राहतो. ऐंशीच्या पुढे, डिमेन्शिया झाल्यावर किंवा दिवसाला आठ-दहा गोळ्या झाल्यावर मात्र जुना समज खरा ठरू लागतो.

मधल्या वयाची खरी अडचण वेगळीच आहे. बीपी दुखत नाही. त्यात ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरातून सावकाश बाहेर पडते. एक दिवस चुकली तरी काही जाणवत नाही, आणि न घेतल्याने बिघडत नाही असा चुकीचा धडा मिळतो.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र सुरुवातीपासून आहे. महिन्याभराच्या गोळ्या एकदम, त्याही घराजवळच्या केंद्रावर, आणि न आलेल्याला आठवणीचा फोन, ही त्याची रीत. यात वयाचा संबंध नाही, म्हणूनच ती बरोबर आहे. पण सरकारी ओपीडी दिवसा चालते आणि हिंजवडीची बस सकाळीच निघते. ओपीडी आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी ठेवली, तर म्हाताऱ्यांना विस्मरणावर व्याख्याने देण्यापेक्षा जास्त लोकांचे बीपी आटोक्यात येईल.